तुम्ही विचारलंत म्हणून : यंत्र आकडा सांगते, मग नेमबाज काय करतो?

फौजेतून निवृत्त होऊन दापोली तालुक्यातल्या गावी परतल्याला आता बरीच वर्षे झाली, तरी लग्नाच्या पंगतीत, एसटीच्या थांब्यावर किंवा गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद घेता घेता एक प्रश्न मला हमखास विचारला जातो : "काय हो सुभेदार, आता म्हणे लेझर अंतर सांगतो, यंत्र वारा मोजते आणि मोबाइल हिशेब करून देतो, मग हजार यार्डांवर गोळी लावण्यात माणसाची करामत उरली कुठे?" विचारणाऱ्यांपैकी काहींच्या घरी शेतीच्या राखणीसाठी परवान्याची बंदूक असते, जी निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा होते आणि एरवी रानडुकरांना घाबरवण्यापलीकडे फारशी उपयोगात येत नाही. त्यामुळे त्यांच्या प्रश्नात कुतूहलाबरोबर थोडी टिंगलही असते, आणि पंगतीत बसून वाऱ्याचे गणित समजावणे शक्य नसल्याने मी हसून वेळ मारून नेतो. येथे मात्र सविस्तर उत्तर देतो.

पहिल्यांदा हे मान्य करतो की प्रश्न निम्मा खरा आहे. अंतर ओळखण्याची विद्या संपली. आमच्या वेळी द्रागुनोव्ह रायफलीच्या दुर्बिणीत १.७ मीटर उंचीच्या लक्ष्यासाठी आखलेली एक वक्र रेषा असे; उभे लक्ष्य त्या रेषेत जिथे नेमके बसेल, तिथला आकडा वाचायचा. पण तेच लक्ष्य गुडघाभर गवतात उभे असले की आकडा खोटा ठरे, आणि लांब पल्ल्यावर अशा चुकीची किंमत मोठी असते. ७.६२ मिलिमीटरची स्पर्धेची गोळी सेकंदाला सुमारे ८०० मीटर वेगाने नळीतून निघते, तरी हजार यार्ड, म्हणजे ९१४ मीटर, जाईपर्यंत तिला दीड सेकंदाहून अधिक वेळ लागतो आणि तेवढ्यात ती दहा मीटरहून अधिक खाली येते. शेवटच्या टप्प्यात ती इतकी तिरकी उतरत असते की अंतर पन्नास मीटरने चुकले तर गोळी सुमारे एक मीटर वर किंवा खाली जाते. पाण्यापलीकडची वस्तू डोळ्यांना नेहमी जवळ वाटते, ही आणखी एक फसगत. मी शिकवायला घेतलेल्या मुलांना हर्णैच्या किनाऱ्यावरून सुवर्णदुर्गाचे अंतर विचारतो, तेव्हा जवळजवळ सगळी मुले ते कमी सांगतात आणि लेझरचा आकडा पाहून अविश्वासाने एकमेकांकडे बघतात. ही विद्या गेली याचे मला दुःख नाही. तिच्यातला बराचसा भाग विद्या नव्हताच, तो अंदाजपंचे दाहोदरसे होता.

वाऱ्याचे तसे नाही, आणि माझे खरे उत्तर इथे सुरू होते. ताशी सोळा किलोमीटरचा वारा, म्हणजे झाडाच्या बारीक डहाळ्या सतत हलत ठेवणारा, आडवा वाहत असेल तर वर सांगितलेली गोळी हजार यार्डांवर दोन मीटरहून अधिक बाजूला सरकते. त्या वाऱ्याच्या अंदाजात ताशी दीड किलोमीटरची चूक झाली, तर गोळी साधारण एक वीत हुकते. ताशी दीड किलोमीटर हा फरक गालाला कळत नाही. शिवाय हातातला वारामापक, मग तो केस्ट्रेलसारखा उत्तम असला तरी, मी जिथे पालथा पडलो आहे तिथलाच वारा सांगतो. मधल्या वहाळात वारा उलटा वाहत असू शकतो, लक्ष्यामागच्या टेकडीला आपटून तो फिरलेला असू शकतो, आणि गोळी तर वाटेत माणसाच्या दुप्पट उंचीवरून जाते, जिथे वारा जमिनीलगतच्या वाऱ्यापेक्षा जोरकस असतो. नेमबाजाजवळचा वारा अधिक नडतो, कारण तिथे मिळालेला धक्का पुढच्या सगळ्या वाटेत वाढत जातो. पण म्हणून दूरच्या वाऱ्याकडे काणाडोळा करून चालत नाही.

मग पाहायचे काय? वाऱ्यावर फडफडणारी निशाणे, गवत, धूळ आणि मृगजळ. आमच्या कातळसड्यावर दुपारी उन्हाची जी थरथर दिसते, तीच दुर्बिणीतून पाहिली की पाण्यासारखी एका दिशेने वाहताना दिसते आणि तिच्या तिरकेपणावरून वाऱ्याचा वेग ताडता येतो. ती सरळ वर उकळू लागली की वारा पडला आहे किंवा नेमक्या आपल्या रेषेत वाहतो आहे असे समजावे, आणि अशा वेळी गोळी सोडू नये, कारण पुढच्या क्षणी तो कोणत्या बाजूला वळेल याचा भरवसा नसतो. वारा फार वाढला की ही थरथर आडवी होते आणि तिच्यातून काही वाचता येत नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. मध्य भारतातल्या एका रेंजवर नऊशे यार्डांच्या स्पर्धेत मी वारा अचूक ओळखला, तक्त्यातून आकडा काढला, तो साइटवर, म्हणजे नळीवरच्या नेम धरण्याच्या साधनावर, चढवला, आणि मग शरीर स्थिर करण्यात वीसेक सेकंद घालवून गोळी सोडली. ती हातभर बाजूला गेली. उस्ताद मागे बसून सगळे पाहत होते, त्यांनी फक्त एवढेच म्हटले, "आकडा सही था, बासी हो गया." शिळ्या आकड्याची ही गोष्ट मी आजतागायत विसरलो नाही, कारण कोणतेही यंत्र नुकताच होऊन गेलेला वारा मोजते आणि गोळीला मात्र पुढच्या दीड सेकंदातला वारा लागणार असतो.

तुमच्यापैकी काहींनी स्वतः नेम धरणाऱ्या रायफलीविषयी विचारले आहे. अमेरिकेतल्या ट्रॅकिंगपॉइंट नावाच्या कंपनीने २०१३ साली अशी रायफल बाजारात आणली होती. लक्ष्यावर खूण करायची, चाप दाबून धरायचा, आणि नळी त्या खुणेशी जुळेपर्यंत गोळी सुटतच नाही, अशी तिची रचना. अंतर, तापमान, हवेचा दाब हे ती स्वतः लक्षात घेई, पण वाऱ्याचा आकडा माणसालाच भरावा लागे. एवढ्या हुशार यंत्राने नेमकी हीच जागा रिकामी सोडावी, यात मला तरी आश्चर्य वाटले नाही.

खरे तर हा वाद दीडशे वर्षांहून जुना आहे. १८६० साली विम्बल्डनला राणी व्हिक्टोरियाने एका मोठ्या स्पर्धेची पहिली गोळी झाडली, ती घडवंचीवर जखडलेल्या व्हिटवर्थ रायफलीतून, रेशमी दोरी ओढून. चारशे यार्डांवर ती केंद्राच्या अगदी जवळ लागली. त्या गोळीचे कौतुक राणीचे करावे की घडवंची बसवणाऱ्याचे, हे तुम्हीच ठरवा. त्याच स्पर्धेतले मानाचे पारितोषिक आज इंग्लंडमधल्याच बिस्ली येथे हजार यार्डांपर्यंतच्या टप्प्यांवर खेळले जाते, आणि तिथे दुर्बिणीची साइट चालत नाही. भोकाची साइट आणि मैदानावरची निशाणे यांवरच भागवावे लागते. यंत्राला पूर्ण मोकळीक दिली तर स्पर्धा कशाची राहील, हे त्या मंडळींना बरोबर कळलेले आहे.

यंत्रांचा मी विरोधक आहे, असा समज मात्र होऊ देऊ नका. कोकणात चार पावसाळे काढलेल्या माणसाला लाकडी दस्त्याचे काय होते ते सांगावे लागत नाही : लाकूड फुगते, नळीला टेकते, आणि मे महिन्यात बसवलेला नेम ऑगस्टमध्ये भलतीकडे जातो. फायबरचा किंवा ॲल्युमिनियमचा दस्ता आणि त्यात कुठेही न टेकणारी मोकळी नळी यांनी हे दुखणे कायमचे घालवले. (दमट हवा जड असते म्हणून गोळी अडते, असे इकडे सगळे म्हणतात, प्रत्यक्षात बाष्प असलेली हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकी असते आणि गोळीवर तिचा परिणाम नगण्य असतो. दमट हवेचे खरे शत्रुत्व दुर्बिणीच्या भिंगांशी असते, कारण त्यांवर बुरशी धरते.)

उरतो तो चाप. फौजेत नेम धरण्याला 'शिस्त लेना' म्हणतात, आणि जुन्या मराठीतही 'शिस्त धरणे' म्हणजे नेम धरणेच. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशन प्रकारात (गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभ्याने नेम धरायचा) अमेरिकेचा मॅथ्यू एमन्स शेवटच्या गोळीपर्यंत आघाडीवर होता. ती गोळी त्याने शेजारच्या लक्ष्यावर झाडली आणि सुवर्णपदक गेले. त्याची रायफल निर्दोष होती. याच प्रकारात २०२४ साली पॅरिसमध्ये आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले, तेव्हा त्याच्यासमोरच्या लक्ष्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ अवघ्या १०.४ मिलिमीटर व्यासाचे होते. तिथवर जी रायफल लागते ती अंतिम फेरीतल्या प्रत्येकाकडे असते.

मी मुलांना शिकवतो ते दहा मीटरच्या बंद हॉलमध्ये, एअर रायफलीवर. तिथे वारा नाही. म्हणून महिन्यातून एका रविवारी मी त्यांना रायफल न घेता, वही आणि वारामापक देऊन सकाळी समुद्रावर नेतो. जमिनीकडून येणारा मतलई वारा मंदावून समुद्राकडचा खारा वारा सुरू होण्याच्या त्या पालटाच्या वेळी वाऱ्याचा काही नेम नसतो. नियम एवढाच की आधी सुरूच्या फांद्या, वाळू आणि होड्यांवरची निशाणे पाहून वहीच्या डाव्या बाजूला आपला आकडा लिहायचा, आणि मगच पिशवीतला मापक काढून उजव्या बाजूला त्याचा. मागच्या खेपेला एका मुलीने, जिचे आजोबा तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, होते, डाव्या बाजूला 'आठ' लिहून त्यापुढे 'थांबायचे' असेही लिहिले. मापकाने साडेसात दाखवले. थांबायचे का, असे मी विचारले तेव्हा तिने दूर पाण्यावर काळसर होत किनाऱ्याकडे सरकणारा पट्टा दाखवला, आणि आम्ही तिथेच उभे असताना मापकाचा आकडा सोळावर गेला.