सर्वानुमते

रविवार, 3 ऑगस्ट 2025. रात्री साडेदहा.

अक्षर बरं असणं हा गुन्हा आहे. त्या एका गुन्ह्यापायी गेली तीन वर्षं वाघोलीतल्या आमच्या भागाच्या बैठकांचं इतिवृत्त माझ्या गळ्यात आहे. आजही होतं. समाजमंदिरात पन्नासेक प्लॅस्टिकच्या खुर्च्या, वर गरगरणारा आणि वारा न देणारा पंखा, पुढे टेबलावर अध्यक्ष, आणि बाजूला मी, मांडीवर वही घेऊन.

या बैठकांना खरं तर कायद्यात नाव नाही. गाव होतं तेव्हा ग्रामसभा होती. 30 जून 2021 ला पुणे महापालिकेत जी 23 गावं गेली त्यांत आम्ही गेलो, आणि ग्रामपंचायत गेली तशी ग्रामसभाही गेली. नगरसेवक म्हणावा तर मार्च 2022 ला महापालिकेची मुदतच संपली. म्हणजे शहरात येऊन चार वर्षं झाली तरी आम्ही अजून एकदाही नगरसेवक निवडलेला नाही. मग उरतं काय? महिन्याच्या पहिल्या रविवारी सोसायट्यांचे लोक आणि गावठाणातले लोक एका छपराखाली बसतात, एकमेकांचा चहा पितात आणि भांडतात. मला तर हे भांडण आवडतं. एरवी आम्ही एकमेकांना गाडीच्या काचेतूनच बघतो.

पहिली चाळीस मिनिटं टँकरवर गेली. ती मी लिहून घेतली, इथे परत लिहीत नाही. दर महिन्याला तेच असतं, फक्त टँकरचा दर बदलून लिहावा लागतो.

मग बस.

सोसायट्यांची मागणी छापील होती, सह्यांसकट. रामवाडीला मेट्रो आहे, तर इथून रामवाडीपर्यंत छोट्या फेऱ्यांची गाडी द्या, थेट पुणे स्टेशनला जाणारी गाडी रामवाडीलाच तोडा, पुढे लोक मेट्रोने जातील. ‘तोडा’ हा बसवाल्यांचा शब्द. मार्ग तोडायचा. आमच्या सोसायटीतल्या मुलांनी तो इतक्या सहज उचललाय की ऐकताना कोणीतरी काहीतरी मोडतंय असंच वाटतं.

आगारातून एक साहेब आले होते. मी त्यांच्याकडून ‘वरिष्ठांना कळवतो’ एवढंच ऐकायच्या तयारीने गेले होते. पण या माणसाने बैठकीच्या सूचनेचा कागद उलटा केला, माझ्याकडूनच पेन मागितलं आणि गणित मांडलं. समजा या मार्गावर सहा गाड्या आहेत. नगर रोडच्या गर्दीत स्टेशनला जाऊन परत यायला गाडीला तीन तास लागतात. तीन तास म्हणजे 180 मिनिटं, भागिले सहा, म्हणजे थांब्यावर दर तीस मिनिटांनी एक गाडी. तीच गाडी रामवाडीहून फिरवली आणि फेरी दीड तासात झाली, तर त्याच सहा गाड्यांत दर पंधरा मिनिटांनी एक. नवी गाडी नको, नवा ड्रायव्हर नको. “आणि मॅडम,” हे त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं, “फेरी जेवढी लांब तेवढी गाडी कुठेतरी अडकायची जास्त शक्यता. एक अडकली की मागची तिला गाठते. मग तुम्ही म्हणता, तासभर एक नाही आणि आल्या तर तीन एकदम.”

हे मी वीस वर्षं म्हणत आलेय. त्यामागे भागाकार आहे हे आज कळलं.

गावठाणातले तात्या उठले. तात्या बोलायला उठले की आधी टोपी काढून परत घालतात, तेवढ्यात सगळे गप्प होतात. ते म्हणाले, “साहेब, तुमचं गणित बरोबर हाय. पण माझ्या भावजयीच्या डोक्यावर मेथीची पाटी असती. रामवाडीला उतरायचं, जिना चढायचा, परत उतरायचा. तुमच्या भागाकारात पाटी धरली का?”

टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, “जिना कशाला, लिफ्ट आहे.” त्यावर तात्या म्हणाले, “मग पाटीला लिफ्टमधी घ्या तुम्ही.”

पुढचा अर्धा तास नुसता गलका. भाड्याचा विषय निघाला. 1 जूनपासून रोजचा पास 40 चा 70 झाला, महिन्याचा 900 चा 1500. पास असला तर गाडी कितीदा बदला, फरक नाही. पण मेट्रोचं तिकीट त्या पासात येत नाही, म्हणजे रामवाडीच्या पुढे जाणाऱ्याच्या खिशाला दोन ठिकाणी भोक. यावर एक काका म्हणाले, “बायकांना तर अर्धंच तिकीट आहे!” सगळ्या बायका एकदम वळल्या. काका, ते एसटीत. मार्च 2023 पासून एसटीत आहे. इथे शहराच्या गाडीत आम्ही पुरुषांएवढेच पैसे मोजतो. काकांनी बस कधी घेतली असेल ते मी विचारलं नाही, इतिवृत्त लिहिणाऱ्याने विचारू नये.

कोणीतरी मेट्रोचं काढलंच. जूनमध्ये केंद्राने रामवाडीपासून पुढे वाघोली-विठ्ठलवाडीपर्यंतच्या मार्गाला मंजुरी दिलीय, तिकडे वनाजहून चांदणी चौकापर्यंतच्यालाही. दोन्ही मिळून पावणेतेरा किलोमीटर, 13 स्थानकं, चार वर्षांत पूर्ण. “म्हणजे चार वर्षांनी हा प्रश्नच राहणार नाही,” असं म्हणून ते गृहस्थ बसले. चार वर्षं थांब्यावर कोण उभं राहणार, हे सांगायला मात्र उठले नाहीत.

थांबा कुठे असावा यावर तर कमालच झाली. मागणीवर ज्यांच्या सह्या होत्या, त्यांतल्या तिघांना थांबा हवा होता पण आपल्या गेटसमोर नको होता. गाडी धूर सोडते, लोक गेटाशी पिंका टाकतात, रिक्षावाले गोळा होतात. एका दुकानदाराने सांगितलं, थांबा आला की गिऱ्हाइकाला गाडी लावायला जागा राहत नाही. शेवटी थांबा जिथे होता तिथेच राहिला, पत्र्याचं छप्पर उडालेला.

साडेआठला अध्यक्ष म्हणाले, “तर मार्ग रामवाडीपर्यंत करावा अशी शिफारस, सर्वानुमते.” आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

मी लिहिलं. ‘सर्वानुमते’ लिहिताना तात्यांकडे बघितलं. ते चहाचा कप शोधत होते.

आता इथे, कोणी सही करणार नाही अशा वहीत, लिहून ठेवते: सर्वानुमते नव्हतं. मी स्वतः विरोधात होते. भाजीच्या पाटीच्या बाजूने होते, कामाला जाणाऱ्या बायकांच्या बाजूने होते. त्यातली एकही बाई त्या खुर्च्यांवर नव्हती. रविवारी संध्याकाळी त्या दुसऱ्यांच्या घरी पोळ्या लाटत असतात.

आणि मी तोंड उघडलं नाही. पेन हातात असलं की आपण बोललोच आहोत असं वाटतं.

सोमवार, 4 ऑगस्ट

रात्रभर तो शब्द खुपत राहिला. सकाळी पावणेसातला छत्री आणि जुनी हिशोबाची वही घेऊन केसनंद फाट्यावर जाऊन उभी राहिले. घरात सांगितलं वाघेश्वराला जाते. श्रावणी सोमवार, कोणी शंका घेतली नाही. (दर्शन घेतलं, पण नंतर.)

डोक्यात हे होतं की बायकांना विचारायचं, बहुतेक जणी स्टेशनच्या पुढे जात असतील, तो आकडा इतिवृत्ताला जोडायचा आणि ‘सर्वानुमते’ खोडायचं. पुराव्यानिशी.

वहीच्या पानावर दोन रकाने केले. डावीकडे ‘रामवाडी किंवा अलीकडे’, उजवीकडे ‘रामवाडीच्या पुढे’. चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, शाळेत शिकवलं तसं. सुरुवातीला कोणी बोलेना. एकीला वाटलं मी कसल्यातरी बचत गटाची आहे. मग एका बाईने ओळखलं, आमच्या शेजारच्या इमारतीत पूर्वी काम करायची. तिने बाकीच्यांना सांगितलं, “सांगा गं, गाडीचंच विचारत्यात.” मग बांध फुटल्यासारखं झालं.

कुठे उतरता? खराडी बायपास. चंदननगर. खराडी बायपास. विमाननगर. विमाननगर. चंदननगर. येरवडा. खराडी बायपास.

डाव्या रकान्यात पाचाचा एक, दोन, तीन, चार गठ्ठे झाले तेव्हा मी वही नीट धरली की नाही ते तपासलं. आठपर्यंत एकूण 52 जणांना विचारलं. डावीकडे 37, उजवीकडे 15.

म्हणजे स्वयंपाकाला, झाडूपोच्याला, ऑफिसांच्या सफाईला, मॉलच्या पहाऱ्याला जाणारे बहुतेक सगळे रामवाडीच्या अलीकडेच उतरतात. त्यांना स्टेशनशी काही घेणंदेणं नाही. त्यांची गाडी स्टेशनला जाऊन अडकते म्हणून ते इथे अर्धा अर्धा तास ताटकळतात. साहेबांच्या भागाकाराने ज्यांचं भलं होणार होतं, त्यांच्याच बाजूने मी काल मनातल्या मनात विरोध करत होते.

एकीला मी विचारलंच, गाडी रामवाडीला तोडली तर चालेल का? ती डबा बगलेत धरून उभी होती. म्हणाली, “कुठंबी तोडा. सात वाजता या, साडेसातला नको. बाईसाहेब दार उघडून घड्याळाकडंच बघतात.”

मग गाडी आली. मागच्या दाराशी जो काही प्रकार झाला त्याला चढणं म्हणायचं धाडस माझ्यात नाही. कंडक्टर आतून ओरडत होता, पुढे सरका, पुढे सरका, आणि पुढे सरकायला जागाच नव्हती. डबावाली आत गेली. तिची छत्री बाहेर राहिली, ती मी खिडकीतून दिली.

उजव्या रकान्यातले पंधरा. तेही लिहून ठेवते. येरवड्याला पाच. स्टेशनला गाडी धरायला जाणारा एक मुलगा, पाठीवर सॅक. मंडईकडे जाणाऱ्या दोघी, पाट्या होत्याच. तात्या खोटं बोलले नव्हते. पुढे कॅम्पात कामाला जाणारे काही. आणि एक आजोबा, प्लॅस्टिकच्या पिशवीत फाइल घेतलेले. कुठे? “ससूनला.” एवढंच. मी रेघ मारली.

मंगळवार, 5 ऑगस्ट

पाऊस. गेले नाही. अध्यक्षांना फोन केला, इतिवृत्ताला एक पान जोडायचं म्हणते. ते म्हणाले, इतिवृत्तात बैठकीत झालं तेवढंच येतं. बरोबरच आहे त्यांचं. मी म्हटलं, बैठकीत सर्वानुमतेही झालं नव्हतं. बराच वेळ शांतता. मग म्हणाले, “अहो, पण तुमच्या आकड्यांनी तर आमचंच खरं ठरतंय. मग तुम्हाला अडचण काय?”

हे त्यांना फोनवर समजावून सांगता आलं नाही. 37 जणांचं भलं होतंय हे सांगायला मी सकाळी उभी राहते, आणि 15 जणांची नावनिशाणी न ठेवता ‘सर्वानुमते’ लिहिते, या दोन्ही गोष्टी एकाच पेनाने कशा करायच्या? तोडा खुशाल. पण सकाळी आणि संध्याकाळी दोन-दोन गाड्या सरळ स्टेशनपर्यंत ठेवा, वेळ पाटीवर लिहून. साहेबांना सहातल्या एका गाडीचा हिशोब पुन्हा करावा लागेल, एवढंच. मला वाटतं तो माणूस करेल. कागद उलटा करणारा आहे.

खरी अडचण सांगायची तर मीही चुकले होते. ते इतिवृत्तात कुठल्या मुद्द्याखाली घालायचं?

गुरुवार, 7 ऑगस्ट

एका दिवसाची मोजणी म्हणजे काही मोजणी नव्हे, म्हणून आज परत गेले. शनिवारी राखी, त्यामुळे आजपासूनच पिशव्या आणि मिठाईचे पुडे दिसायला लागलेत. पुन्हा डावीकडचा रकाना भरत गेला. डबावाली दिसली, तिने लांबूनच हात केला आणि ‘खराडी’ असं ओरडून सांगितलं, म्हणजे मला विचारायला जावं लागू नये.

इतिवृत्तात मी शेवटी असं लिहिलंय: ‘मार्ग रामवाडीपर्यंत करावा अशी बहुतेक उपस्थितांची शिफारस. गावठाणातील सदस्यांनी स्टेशनपर्यंतच्या थेट गाडीचा आग्रह धरला.’ आकड्यांचं पान वेगळं, माझ्या सहीनं. पुढच्या महिन्यात वाचताना अध्यक्षांचा चेहरा कसा होईल ते मला आत्ताच दिसतंय. होऊ दे.

साडेसातला ससूनचे आजोबा आले. तीच पिशवी, तीच फाइल. माझ्या वहीत वाकून बघितलं.

“सोमवारी मला कुठं लिहिलं तुम्ही?”

मागचं पान उलटून उजवा रकाना दाखवला. या तिसऱ्या गठ्ठ्यात, ही रेघ.

त्यांनी चष्मा वर करून ती नीट पाहिली.

“एकच?”

“एका माणसाची एकच, आजोबा.”

“पण मी आठवड्यातून दोनदा जातो,” ते म्हणाले. “आज दुसऱ्यांदा चाललोय.”

गाडी लांबून दिसत होती, वळणावर अडकलेली. मी आजच्या पानावर उजवीकडे एक रेघ मारली. ती मारून होईपर्यंत ते बघत उभे होते.