तुम्ही विचारलंत म्हणून: पाणीच आहे, मग सुईने का काढत नाही?

"पाण्याचीच गाठ आहे ना डॉक्टर? मग सुई टोचून काढा की. पोट कशाला फाडायचं?" मेसेंटेरिक सिस्ट (आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यात, म्हणजे मेसेंटरीत, वाढलेली पाण्याची पिशवी) असं निदान झालं की हा प्रश्न ठरलेला. विचारणाऱ्याची नजर खर्चाच्या आकड्यावर असते, तेही दिसतं. रागावण्यासारखं त्यात काही नाही, तरी दरवेळी थोडा राग येतोच.

पाण्याचं काय, ते निघेल. खोडी पिशवीची आहे. पाणी पाझरणारं अस्तर आतच राहतं, त्यामुळे ती पुन्हा भरते. आत पडदे असले तर एक कप्पा रिकामा होतो, बाकीचे जसेच्या तसे. सुईवाटे जंतू गेले तर पू होतो, पिशवी आतड्याला घट्ट चिकटते, आणि पुढचं ऑपरेशन अवघड होऊन बसतं.

खरी सुई चुकते ती निदान होण्याआधीच. मोठी सिस्ट जलोदर (पोटात मोकळं साठलेलं पाणी) समजून टॅप केली जाते, म्हणजे सुईने पाणी काढलं जातं. वास्तविक बोटाने ठोकलं तरी फरक कळतो: उताण्या झोपलेल्या जलोदराच्या रुग्णाच्या कुशी बद्द वाजतात आणि मध्यभाग पोकळ, मोठ्या सिस्टमध्ये याच्या उलट. लहान गाठ असेल तर ती आडवी सहज सरकते, वर-खाली फारशी नाही, कारण मेसेंटरीचं मूळ पाठीमागच्या भिंतीला डावीकडून उजवीकडे तिरकं खाली बांधलेलं असतं. ओमेंटममधली, म्हणजे आतड्यांवर पसरलेल्या चरबीच्या पडद्यातली गाठ मात्र सगळीकडे हलते.

आता ऑपरेशन. मेसेंटरी म्हणजे दोन पदर आणि त्यांच्यामध्ये आतड्याला रक्त नेणाऱ्या वाहिन्या. सिस्ट नेमकी तिथेच वाढते आणि वाहिन्यांना आपल्या अंगावर फितीसारखं ताणून धरते. वरचा पदर चिरायचा, पिशवीच्या भिंतीलगत राहून बोळ्याने हळूहळू सोडवत जायचं, फाटली तर पाणी लगेच ओढून घ्यायचं. ताणलेली वाहिनी तुटली की समोरचं आतडं काळवंडू लागतं. कोमट सलाइनमधला ओला मॉप (कापडाची घडी) त्यावर ठेवायचा आणि पाच-दहा मिनिटं थांबायचं. रंग गुलाबी झाला, चिमटा घेतल्यावर आतडं आकसलं, कडेची नाडी दिसली, तर ठीक. नाहीतर तेवढा तुकडा सिस्टसकट काढून दोन टोकं जोडायची. लहान मुलांत ही पाळी बऱ्याचदा येते.

पण "सुई कधीच नाही" असं मी ठासून सांगायचो, ते आज तसंच सांगता येणार नाही. यकृतातल्या हायडॅटिड गाठीला (जंताच्या अळीमुळे होणाऱ्या पाण्याच्या गाठीला) सुई लावणं म्हणजे पोटभर पिल्लं पेरणं, वर ॲनाफायलॅक्सिस (जीवघेणी ॲलर्जी), हेच शिकवलं जायचं. 1980च्या दशकापासून त्याच गाठीवर अल्बेंडाझोल हे जंतांवरचं औषध देऊन, सोनोग्राफीखाली, सुईनेच उपचार होतात: पाणी ओढायचं, पित्त मिसळलेलं नाही ना हे पाहायचं, जंतनाशक द्रव सोडायचा, परत ओढायचा. निवडक गाठींतच, आणि भूलतज्ज्ञ हाताशी ठेवून. लिम्फच्या (शरीरातल्या लसिका द्रवाच्या) काही सिस्टमध्येही सुईने औषध सोडून पिशवी आकसवतात. तेव्हा तुमचा प्रश्न तितका भाबडा नाही, हे कबूल.

तरी मेसेंटरीतल्या साध्या सिस्टला मी पूर्ण काढायचाच सल्ला देतो. आतडं कापावं लागेल का, हे मात्र पोट उघडेपर्यंत सांगता येत नाही. संमतीपत्रात ती ओळ म्हणूनच असते, आणि सही करताना तीच कुणी वाचत नाही.