जन्माने पापी, जन्माने गुन्हेगार

सोलापूर, रविवार, रात्री उशिरा

उपवासकाळातील आजच्या शास्त्राभ्यासात बायबलमधील, पौलाने लिहिलेल्या रोमकरांस पत्राचा पाचवा अध्याय होता. आदामाच्या आज्ञाभंगामुळे पाप जगात आले आणि त्याबरोबर मरण सर्व माणसांपर्यंत पोहोचले, हा भाग वाचून होताच मागच्या बाकावरचा एक तरुण उभा राहिला. त्याच्या आजोबांचे बालपण येथल्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे कायद्याने गुन्हेगार ठरवलेल्या जमातींसाठीच्या कुंपणबंद वसाहतीत, गेले होते. तो म्हणाला, "पाळकसाहेब, सरकारने माझ्या पणजोबांना जन्मावरून गुन्हेगार ठरवले, आणि आपण प्रत्येक बाळाला जन्मावरून पापी म्हणतो. यांत फरक कोणता?" पाळकसाहेबांनी मनापासून उत्तर दिले, परंतु वेळ संपत आल्यामुळे ते अपुरे राहिले. घरी आल्यापासून मी त्याच प्रश्नापाशी थांबलो आहे.

आपल्या शहरात हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींच्या माणसांना, त्यांनी स्वतः काही केले असो वा नसो, संशयित ठरवले. 1911 पासून तो कायदा देशभर लागू करता येऊ लागला. सोलापुरात अशा कुटुंबांना काटेरी तारेच्या कुंपणाआड ठेवले जाई, त्यांची हजेरी घेतली जाई आणि त्यांतील अनेकांना कापडगिरण्यांत कामाला लावले जाई. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा रद्द झाला, तरी वस्तीचे नाव सेटलमेंट हेच राहिले, आणि त्या पत्त्यावरच्या माणसाकडे पाहण्याची नजरही पुष्कळ काळ तशीच राहिली. आम्हा ख्रिस्ती लोकांना हे दुरून सांगून मोकळे होता येत नाही, कारण देशातील अशा कितीतरी वसाहतींचा कारभार मुक्तिफौजेसारख्या ख्रिस्ती संस्थांनी चालवला. तेथे शाळा निघाल्या, औषधपाणी झाले, हे खरे. पण ज्याने चोरी केलेलीच नाही त्याला पश्चात्तापाचा उपदेश करताना उपदेशकाच्या मनात काय येत असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

माणूस जन्मतःच पापी असतो या, म्हणजे मूळ पापाच्या शिकवणीला पश्चिमेकडील ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) ठाशीव रूप दिले ते ऑगस्टीन या धर्मपंडिताने (354–430). त्याच्या मते आदामाचा दोषसुद्धा वंशपरंपरेने प्रत्येकाकडे येतो. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मंडळ्यांनी हे असे कधी मानले नाही. मरण आणि पापाकडे झुकणारा स्वभाव आपल्या वाट्याला येतो, आदामाचा अपराध मात्र आदामाचाच, असे त्या सांगतात. मला त्यांचे म्हणणे शास्त्राशी अधिक जुळणारे वाटते. बापाच्या अधर्माचा भार मुलाने वाहायचा नाही, हे बायबलमधील यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात स्पष्ट आहे. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारले की पाप याचे की याच्या आईबापांचे, तेव्हा येशूने दोन्ही पर्याय नाकारले.

तरीही सर्व माणसे पापी आहेत ही शिकवण टाकून द्यावी असे मला वाटत नाही. कायदा म्हणत होता की अमुक लोक गुन्हेगार आहेत, म्हणजेच बाकीचे सज्जन आहेत. पौल म्हणतो की सर्वांनी पाप केले आहे, आणि त्या 'सर्वां'मध्ये कायदा लिहिणारा, हजेरी घेणारा, गिरणीमालक आणि पहिल्या बाकावर बसणारे आम्ही, सगळेच येतो. घोटाळा तेव्हा होतो, जेव्हा आम्ही उपासनेत कबुलीची प्रार्थना सामुदायिकपणे म्हणतो आणि बाहेर पडताच पाप दुसऱ्याच्या वस्तीत शोधू लागतो.

क्षमेविषयी बोलताना आमच्याकडे येशूशेजारी वधस्तंभावर खिळलेल्या चोराचा दाखला हमखास येतो. शेवटच्या घटकेला त्याने येशूला विनवले आणि त्याच दिवशी सुखलोकात असण्याचे वचन मिळवले. दाखला थोरच आहे, पण त्याने ज्यांना लुबाडले त्यांचे काय, हे आम्ही सहसा विचारत नाही. त्याचे हात खिळलेले होते. भरपाई करणे त्याला शक्यच नव्हते. जक्कय या श्रीमंत जकातदाराचे हात मोकळे होते, म्हणून त्याने अर्धी मालमत्ता दरिद्र्यांना देण्याचे आणि ज्याचे अन्यायाने घेतले त्याला चौपट परत करण्याचे जाहीर केले, आणि मगच येशू म्हणाला की आज या घराला तारण प्राप्त झाले आहे. ज्यांचे हात मोकळे आहेत त्यांनी चोराच्या दाखल्याचा आधार घ्यावा, हे मला पटत नाही. कुंपणाआड वाढलेल्या माणसांकडे क्षमा मागण्यासारखे मंडळीजवळ काही आहे का, हा विषय पाळकसाहेबांपुढे मांडण्याचे मी ठरवले आहे.

राहिला स्वर्गाचा प्रश्न. शास्त्राभ्यास संपल्यावर एका मुलीने दारातच मला विचारले की शेजारच्या मावशी सिद्धरामेश्वरांच्या भक्त आहेत, गड्ड्याची यात्रा कधी चुकवत नाहीत, आजारपणात आमच्या घरी डबा त्याच पोहोचवतात, तर त्या स्वर्गात जाणार नाहीत का? ख्रिस्ताखेरीज तारण नाही, हा माझा विश्वास आहे आणि तो मी लपवला नाही. मात्र ख्रिस्त कोणाला कोणत्या वाटेने आपलेसे करील याची मर्यादा आखण्याचा अधिकार मला दिलेला नाही, हेही तिला सांगितले. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात भुकेल्याला खाऊ घालणाऱ्यांना आपण राजालाच, म्हणजे ख्रिस्तालाच, खाऊ घातले याचा पत्ताही नव्हता. शेवटी सर्वांचेच तारण होईल, असे मात्र मी ठामपणे म्हणू शकत नाही, कारण तोच अध्याय न्यायाविषयीही तितक्याच कठोरपणे बोलतो, आणि ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांना त्या न्यायाची आशा लागते.

लूकाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात असाच प्रश्न कोणीतरी येशूला विचारतो: तारण होणारे थोडे आहेत काय? त्याने आकडा सांगितला नाही. अरुंद दरवाजाने आत जाण्याचा नेटाने प्रयत्न करा, असे त्याने विचारणाऱ्यांनाच बजावले, आणि पूर्वपश्चिमेकडून व उत्तरदक्षिणेकडून लोक येऊन देवाच्या राज्यात पंक्तीस बसतील असेही म्हटले. पुढच्या रविवारी हाच अध्याय घ्यावा अशी मी विनंती करणार आहे, आणि वाचन त्या तरुणाकडे द्यावे असेही सुचवणार आहे.