वायमार, एका मार्काचं

साताऱ्यातल्या एका वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. वाचनालयाला लागूनच अभ्यासिका आहे. कोरेगाव, जावळी, पाटणकडची मुलं-मुली सकाळी डबा घेऊन येतात, ती रात्रीच परततात. कुणाचं एमपीएससीचं चाललेलं असतं, कुणाचं पोलीस भरतीचं, कुणाचं तलाठ्याचं. त्यातला पीएसआयची तयारी करणारा एक मुलगा मध्यंतरी देवघेवीच्या काउंटरवर आला आणि त्याने हिटलरचं आत्मचरित्र मागितलं.

आमच्याकडे त्याच्या मराठी अनुवादाची प्रत आहे. ती इतकी फिरते की पुन्हा बाइंडिंग करून घ्यावं लागलं. स्टॉलवर तर हे पुस्तक यशाचे मंत्र सांगणाऱ्या पुस्तकांच्या रांगेत मांडलेलं असतं. नोंद करता करता मी विचारलं, "कशाला हवंय रे?"

"मोटिव्हेशनसाठी, मॅडम. काय शिस्त होती त्याची! आपल्याकडं पण असा एक माणूस पायजे. फक्त पाच वर्षं. सगळं सुतासारखं सरळ होईल."

हे मी लग्नाच्या पंगतीत ऐकलंय, एसटीत ऐकलंय, सुशिक्षित घरांतल्या दिवाणखान्यात ऐकलंय. बोलणाऱ्याच्या मनात कुणाचा जीव घ्यावा असं काही नसतं. तो रखडलेल्या निकालाला, लाचेला, रस्त्यातल्या खड्ड्यांना वैतागलेला असतो. या मुलाची वयोमर्यादा संपत आली होती आणि घरून लग्नाचा तगादा सुरू होता. १९३२ सालच्या जर्मनीत सुमारे साठ लाख लोक बेकार होते. तिथेही माणसं अशीच वैतागलेली होती. म्हणूनच मला त्याच्यावर रागवावंसं वाटलं नाही, पण गप्पही बसवेना. पुस्तक त्याला दिलं आणि म्हटलं, "चहाच्या सुट्टीत ये. पाच वर्षांचं काय होतं ते बघू."

तो आला, पाठोपाठ आणखी पाचसहा जण आले. टेबलावर मी आपल्या वाईत तयार झालेल्या विश्वकोशाचे खंड आणि माझी टिपणांची वही ठेवली होती.

"लोकांनीच निवडून दिला ना त्याला?" पहिला प्रश्न आला. मी आकडे मांडले. १९२८ च्या निवडणुकीत नाझी पक्षाला २.६ टक्के मतं होती. मंदी आली आणि १९३० मध्ये ती १८.३ टक्क्यांवर गेली, जुलै १९३२ मध्ये ३७.३ वर. खुल्या निवडणुकीत त्याला बहुमत कधीच मिळालं नाही. उलट नोव्हेंबर १९३२ मध्ये मतं घसरून ३३.१ टक्क्यांवर आली. घसरणीला लागलेल्या या माणसाला ३० जानेवारी १९३३ रोजी राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी चॅन्सेलर, म्हणजे सरकारचा प्रमुख नेमलं, कारण माजी चॅन्सेलर पापेनसारख्या जुन्या मुत्सद्द्यांची खात्री होती की याला आपण मुठीत ठेवू. मंत्रिमंडळात हिटलर धरून नाझी होते तीन, बाकी सगळे त्या मुत्सद्द्यांच्या गोटातले.

२७ फेब्रुवारीला संसदेच्या इमारतीला आग लागली. दुसऱ्याच दिवशी जर्मनीच्या तेव्हाच्या, १९१९ च्या लोकशाही घटनेच्या ४८ व्या, आणीबाणीच्या कलमाखाली अध्यादेश निघाला. व्यक्तिस्वातंत्र्य, भाषण, वृत्तपत्रं, सभा, पत्रांची आणि टेलिफोनची गुप्तता, सगळं स्थगित.

तेवढ्यात मागे उभी असलेली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, वायमार! हे आपल्या घटनेच्या स्रोतांत आहे. आणीबाणीत मूलभूत हक्कांचं निलंबन, जर्मनीच्या वायमार घटनेवरून."

सगळ्यांनी माना डोलावल्या. प्रत्येकाच्या वहीत तो तक्ता होता. आयर्लंडपुढे मार्गदर्शक तत्त्वं, जर्मनीपुढे वायमार. एका मार्काचा प्रश्न. त्या शब्दामागे एका देशाचं संपूर्ण लोकशाहीपण गेलंय, हे त्या तक्त्यात कुठे असणार? तिला मी विचारलं, "आणि ४४ वी घटनादुरुस्ती?" तिने ताडकन सांगितलं, "१९७८. आणीबाणीतही कलम २० आणि २१ स्थगित करता येत नाहीत." मी म्हटलं, ही दुरुस्ती आपण स्वतः आणीबाणी भोगून मिळवलीय. जर्मनीतला तो अध्यादेश मात्र १९४५ पर्यंत कधी मागेच घेतला गेला नाही.

पुढचं भरभर सांगितलं. २२ मार्चला डाखाऊची छळछावणी सुरू झाली. २३ मार्चला संसदेने स्वतःचेच अधिकार सरकारला देऊन टाकणारा कायदा केला, ४४४ विरुद्ध ९४ मतांनी. सभागृहात नाझींचे गणवेशधारी उभे होते, कम्युनिस्ट खासदार तुरुंगात होते किंवा भूमिगत झाले होते. विरोधात मत दिलं ते फक्त सोशल डेमोक्रॅट्सनी. १४ जुलैला नाझी सोडून दुसरा पक्ष काढणं गुन्हा ठरलं. सहा महिनेसुद्धा लागले नाहीत. "आता सांग," मी त्या मुलाला म्हटलं, "पाच वर्षांनी याला घरी पाठवायचं कुणी आणि कसं?" तो काही बोलला नाही. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत दिला होता. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांचं नाव याच साताऱ्यातल्या शाळेत घातलं होतं, आणि तो दिवस आपण विद्यार्थी दिवस म्हणून साजरा करतो. इशारा मात्र किती जणांना ठाऊक असतो?

१० मे १९३३ पाशी मी नेहमी अडखळते. त्या रात्री बर्लिनच्या चौकात हजारो पुस्तकं जाळली. जाळणारे होते विद्यापीठातले विद्यार्थी. कोणती पुस्तकं काढून टाकायची याच्या काळ्या याद्या तयार करणाऱ्यांत वोल्फगांग हेरमान हा माणूस पुढे होता. तो ग्रंथपाल होता. लेखकाचं आडनाव, पुस्तकाचं नाव, विषयवार मांडणी. मी रोज जे काम करते तेच. तेच कसब वापरून त्याने यादी केली. त्याच्या हातात बंदूक नव्हती.

त्याआधी, ७ एप्रिलला सरकारी नोकरीचा नवा कायदा आला होता. 'बिगर-आर्य' नोकरांना काढायचं. आजी-आजोबांत एक जरी ज्यू निघाला तरी तो माणूस 'बिगर-आर्य'. मग लाखो लोक चर्चच्या जुन्या नोंदवह्यांतून आजोबांचे दाखले काढायला लागले. जात पडताळणीसाठी पणजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यामागे हिंडलेल्या या मुलांना दाखला म्हणजे काय ते समजावावं लागलं नाही. इथे तो कागद हक्क मिळवून देतो. तिथे तसलाच कागद एकेक हक्क काढून घेत गेला. १९३५ मध्ये न्यूरेंबर्गच्या कायद्यांनी ज्यूंचं नागरिकत्व हिरावलं. १९३८ मध्ये पासपोर्टवर 'जे' चा शिक्का आला, आणि ज्यांचं नाव ठरवून दिलेल्या ज्यू नावांतलं नव्हतं त्या बायकांना 'सारा' आणि पुरुषांना 'इझ्राएल' हे नाव जोडणं सक्तीचं झालं. त्याच वर्षी ९ नोव्हेंबरच्या रात्री सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं जाळली, दुकानं फोडली, सुमारे तीस हजार पुरुषांना पकडलं. १९३९ च्या जनगणनेत आजी-आजोबांच्या माहितीचं वेगळं कार्डच होतं.

१९३३ मध्ये ज्यू जर्मनीच्या लोकसंख्येत एक टक्कासुद्धा नव्हते.

मग युद्ध. सप्टेंबर १९४१ मध्ये कीव्हमध्ये नोटिसा लागल्या: ज्यूंनी कागदपत्रं, किमती वस्तू आणि गरम कपडे घेऊन अमुक ठिकाणी हजर राहावं. लोक आले. २९ आणि ३० तारखेला बाबी यारच्या घळीत ३३,७७१ माणसांना गोळ्या घातल्या. हा आकडा मारणाऱ्यांनीच वरिष्ठांना पाठवलेल्या अहवालातला आहे. एकेक मोजून.

२० जानेवारी १९४२ रोजी बर्लिनच्या वानझे भागातल्या बंगल्यात पंधरा अधिकारी बसले. बैठक साधारण दीड तास चालली. पुढ्यात देशवार ज्यूंच्या संख्येचा तक्ता होता, बेरीज एक कोटी दहा लाखांवर. पंधरातले आठ जण डॉक्टरेट होते. युद्ध संपेपर्यंत साठ लाख ज्यू मारले गेले होते.

मला मुलांच्या मनावर ठसवायचं होतं ते हेच. हुकूमशहा एकटा साठ लाख माणसं मारू शकत नाही. त्याला नोंदी करणारे, दाखले देणारे, रेल्वेचं वेळापत्रक लावणारे, नोटीस डकवणारे लागतात. आमच्या अभ्यासिकेतली मुलं उद्या नेमक्या त्याच खुर्च्यांवर बसणार आहेत.

"यातला एकही 'नाही' म्हणाला नाही?" त्या मुलाने विचारलं.

त्याला पोलिसाचीच गोष्ट सांगितली. पॉल ग्रुनिंगर, स्वित्झर्लंडमधल्या सेंट गालेन प्रांताचा पोलीसप्रमुख. १९३८ मध्ये स्विस सरकारने ज्यू निर्वासितांना सीमा बंद केली. ग्रुनिंगरने कागदांवर मागच्या तारखा टाकून शेकडो लोकांना आत घेतलं. १९३९ मध्ये त्याला बडतर्फ केलं, पेन्शन गेलं, १९४० मध्ये कोर्टाने दोषी ठरवलं.

यावर जुंपलीच. एक जण म्हणाला, "मॅडम, खोटी तारीख टाकणाराच बाद होणार. खात्यात हे चालत नसतं." वायमार सांगणारी मुलगी त्याच्यावर उसळली, "मग माणसं परत पाठवायची? मरायला?" तो म्हणाला, मरणार हे त्याला तेव्हा कुठं माहीत होतं. मी मध्ये पडले. सीमेपलीकडे काय चाललंय हे समोर आलेल्या माणसांच्या अवस्थेवरून दिसत होतं, आणि दिसत असूनही नियमाकडे बोट दाखवणं मला मान्य नाही. ग्रुनिंगर १९७२ मध्ये हलाखीत गेला. त्याची शिक्षा रद्द झाली १९९५ मध्ये. "म्हणजे जिवंतपणी काहीच नाही," मुलगा म्हणाला. शिक्षा तर रद्द झालीच नाही, म्हटलं; इस्रायलच्या याद वाशेम संस्थेचा सन्मान तेवढा १९७१ मध्ये मिळाला.

चहाची सुट्टी केव्हाच उलटली होती. आता महिन्यातून एक दुपार अशी ठेवायची असं मुलांनीच ठरवलंय. पुढची आफ्रिकेतल्या रवांडा देशावर आहे. १९९४, एप्रिल ते जुलै, सुमारे आठ लाख बळी. बेल्जियनांच्या राजवटीत, १९३० च्या दशकात ओळखपत्रावर 'हुतू' की 'तुत्सी', म्हणजे माणूस कोणत्या जमातीचा, ही नोंद आली, आणि साठ वर्षांनी रस्तोरस्तीच्या नाक्यांवर तीच बघून माणसं बाजूला काढली गेली. या विषयाची तयारी पीएसआयवाल्या त्या मुलाने अंगावर घेतलीय. आमच्या वाचनालयात रवांडावर मराठीत काहीच नाही. कुणाच्या पाहण्यात एखादं पुस्तक किंवा दिवाळी अंकातला लेख असेल, तर जरूर कळवा.