दहा कुमारी आणि एक गॅसबत्ती

मिरजेत आमचा मंडप-लायटिंगचा धंदा वडिलांपासूनचा. लग्नं, उरूस, गणपतीतल्या स्वागत कमानी, सगळं केलंय. चर्चच्या नाटकाचं काम मात्र पहिल्यांदाच आलं, नाताळच्या आधी, ज्याला ते लोक आगमनकाळ म्हणतात तेव्हा. नाटक बायबलातल्या दहा कुमारींचं आणि काम करणाऱ्या सगळ्या नर्सिंगच्या मुली. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिशन हॉस्पिटल काढलेल्या गावात याचं कुणाला नवल वाटत नाही.

पाळकसाहेबांनी सेट सांगितला: लग्नघर, दहा दिवे आणि शेवटी धाडकन बंद होणारं मोठं दार. विषय काय, तर जगाचा शेवट. मी म्हटलं, "साहेब, जगबुडी म्हटली की आम्हाला २०१९ चा कृष्णेचा पूर आठवतो. तुमच्यात लग्न कसं?"

ते म्हणाले, संकटं आमच्याकडंही भरपूर आहेत, बायबलातलं शेवटचं पुस्तक, प्रकटीकरण, वाचा. पण त्या सगळ्याच्या पलीकडं लग्न आहे. ख्रिस्त हा वर, मंडळी, म्हणजे सगळे ख्रिस्ती लोक, ही वधू. त्या काळी ज्यू लोकांत वाङ्निश्चय आणि लग्न यांत बरेच महिने जात, कधी वर्षही. पण वाङ्निश्चय इतका पक्का, की मोडायचा तर सोडचिठ्ठीच द्यावी लागे. करिंथ गावच्या मंडळीला येशूचा प्रेषित पौल यानं हेच लिहिलं, की मी तुमची एका वराशी सोयरीक जुळवली आहे. थोडक्यात, साखरपुडा झालाय आणि वर परत यायचाय.

मग त्यांनी प्रकटीकरणच उघडलं. १९ व्या अध्यायात कोकऱ्याचं, म्हणजे ख्रिस्ताचं, लग्न, २१ व्यात नवं यरुशलेम नटलेल्या नवरीसारखं स्वर्गातून उतरतं. मला खिळवलं ते १८ व्यानं. बाबेल नगरी पडते तेव्हा तिला सांगितलं जातं, की तुझ्यात पुन्हा दिवा उजळणार नाही, वरवधूचा आवाज ऐकू येणार नाही. गाव मेलं हे सांगायला आमच्या धंद्यातल्या माणसाला आणखी काही लागत नाही. नव्या नगरीला मात्र सूर्यही नको नि चंद्रही नको, कोकराच तिचा दिवा. "म्हणजे तिथं आमचं दुकान बंद," मी म्हटलं. पाळकसाहेब मनापासून हसले.

तालमीला गोष्ट कळली. बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २५ व्या अध्यायातली. वराला सामोऱ्या निघालेल्या दहा जणी. पाच जणींनी जादा तेल घेतलंय, पाच जणींनी नाही. वराला उशीर होतो, दहाही जणी झोपतात. मध्यरात्री हाक येते. दिवे विझायला लागलेल्या तेल मागतात, शहाण्या म्हणतात, विकत आणा. त्या जातात तोवर वर येतो आणि दार बंद. काही अभ्यासक म्हणतात, ते दिवे म्हणजे काठीला चिंध्या गुंडाळून तेलात भिजवलेल्या मशाली असाव्यात. मला ते पटतं. उघड्यावरच्या वाऱ्यात पणती कसली टिकतेय.

तालीम अडली ती एका मूर्ख कुमारीपाशी. काम करणारी मुलगी चिडून म्हणाली, "थोडं तेल दिलं असतं तर काय बिघडलं असतं? शहाण्या कसल्या, या तर चिक्कू!" बाकीच्या तिच्याच बाजूनं. पाळकसाहेब समजावत होते, की हे तेल उसनं मिळत नसतं, ज्याची तयारी त्यानंच करायची. तिला पटेना.

सेटच्या शोभेला मी वडिलांच्या वेळची गॅसबत्ती आणली होती. पूर्वी वराती निघायच्या त्या या बत्त्या डोक्यावर घेतलेल्या माणसांच्या उजेडात. वडील बत्तीवाल्याला निघताना रॉकेलची बाटली वेगळी द्यायचे, कारण मुहूर्त काहीही असो, नवरदेव वेळेवर येत नाही. मी ती बत्ती पेटवली, पंप मारला, मेंटल, म्हणजे आतली जाळी, पांढरं झालं. त्या मुलीला म्हटलं, "आता यातलं रॉकेल तुझ्या बत्तीत ओतून दाखव." तिनं विचारलं, "काका, कसं?" मी हवेचा स्क्रू सोडला. फुस्स आवाज झाला, उजेड पिवळा पडला नि गेला. पेटत्या बत्तीतून रॉकेल काढताच येत नाही. हवा सोडली की ती विझते, मग भरा, स्पिरिट लावा, तापवा, पुन्हा पंप. देणारीही अंधारात, घेणारीही, आणि वरात दारात उभी. पाळकसाहेब म्हणाले, "हे प्रवचनात घेतो."

मुलगी काही वेळ बत्तीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "बरं, तेलाचं कळलं. पण तेल घेऊन त्या परत आल्या होत्या ना? मग दार का नाही उघडलं?"

यावर माझ्याकडं बत्ती नव्हती. आमच्या मांडवात उशिरा आलेल्याला कुणी परत धाडत नाही. पंगत उठली असली तरी चार पुऱ्या तळतात. पाळकसाहेब म्हणाले, दार कायम उघडं राहणार असेल तर जागं कोण राहील? त्या दिवसाची नि घटकेची खबर कुणालाच नाही, हेच तर येशूला सांगायचंय. उत्तर बरोबर असेल. मला तरी ते दार जड जातं.

प्रयोगाच्या रात्री तिनं ते दार असं बडवलं, की प्लाय हादरलं. आमचा पोरगा आतून पाठ लावून बसला म्हणून चौकट उभी राहिली. पुढच्या बाकांवरच्या म्हाताऱ्या बायका रडत होत्या. एक बिजागरी निखळली, ती मी बिलात लावली.