श्वास आत घेतानाचा आवाज

दमा म्हणून मी दोन वर्षं इन्हेलर घेतले. एक बदलला, दुसरा आला, डोस वाढला. जिना चढताना लागणारी धाप तेवढीच राहिली. तपासणाऱ्यांना मी दरवेळी सांगायचे की आवाज श्वास सोडताना येत नाही, आत घेताना येतो. ते कुणी फारसं मनावर घेतलं नाही. शेवटी एका डॉक्टरांनी स्टेथोस्कोप छातीवरून उचलून गळ्यावर ठेवला, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाल्या, "हा आवाज इथला आहे."

मग फुप्फुसांच्या तपासणीचा आलेख त्यांनी माझ्यासमोर धरला. जोरात फुंकलं की रेघ टोकदार शिखरासारखी वर जायला हवी. माझी वरून सपाट होती, पठारासारखी, आणि श्वास आत घेतानाची खालची बाजूही तशीच सपाट. दोन्ही बाजू चपट्या दिसल्या की अडथळा मोठ्या नळीत असतो आणि तो हलत नाही. हाच आलेख आधीच्या फायलीतही लावलेला होता. हे लिहिताना आजही वाईट वाटतं.

नाकातून दुर्बीण घातल्यावर कारण दिसलं. स्वरतंतूंच्या लगेच खाली श्वासनलिका व्रणाने आवळली गेली होती. तिथे क्रिकॉइड नावाची कूर्चा असते. श्वासमार्गात पूर्ण गोल कडं असलेली ही एकच कूर्चा, त्यामुळे सूज आली की ती बाहेरच्या बाजूला फाकत नाही, जागा आतूनच कमी होते. माझी साठ टक्के वाट बंद होती. आजाराचं नाव इडिओपॅथिक सबग्लॉटिक स्टेनोसिस, म्हणजे कारण न सापडलेलं आकुंचन. हा जवळजवळ फक्त बायकांनाच होतो, तोही बहुधा मध्यम वयात. इतके महिने हळूहळू चाललेलं एकदम कसं असह्य झालं, असं मी विचारलं. डॉक्टरांनी कागदावर दोन वर्तुळं काढली. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर हवेला होणारा विरोध दुप्पट होत नाही, सोळापट होतो. शेवटचा एखादा मिलिमीटर जातो, तेव्हा माणूस पायरीवर बसतो.

उपचार तीन प्रकारचे. दुर्बिणीतून फुग्याने नळी रुंद करायची. किंवा लेझरने व्रण काढून पुढे बराच काळ औषधं द्यायची. किंवा गळा उघडून तो भागच कापून नळी पुन्हा जोडायची. या तिन्हींची तुलना करणारा ८१० रुग्णांचा मोठा अभ्यास झालेला आहे, आणि त्यातले आकडे डॉक्टरांनी मला मोकळेपणाने सांगितले. तीन वर्षांच्या काळात पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली ती फुगा वापरलेल्यांपैकी २८ टक्क्यांना, लेझर आणि औषधंवाल्यांपैकी १२.४ टक्क्यांना आणि नळी कापून जोडलेल्यांपैकी फक्त १.२ टक्के लोकांना. मी लगेच म्हटलं, मग कापूनच टाका. त्या थांबल्या. "तुम्ही शिकवता ना? त्याच अभ्यासात या शस्त्रक्रियेनंतर आवाज सर्वांत वाईट राहिला." स्वरतंतू ताणणारा स्नायू त्याच क्रिकॉइड कूर्चेला चिकटलेला असतो, तो गेला की वरचे सूर जातात. पाच तास वर्गात बोलणाऱ्या बाईसाठी १.२ हा आकडा तेव्हा वेगळाच दिसायला लागला.

मी फुगा आणि त्यानंतर व्रणात स्टिरॉइडची इंजेक्शनं असा मार्ग निवडला. त्याच वेळी विभागात चालू असलेल्या निरीक्षण अभ्यासात येता का, असं विचारलं गेलं. संशोधन म्हटल्यावर माझ्या मनात आलं की आता चिठ्ठी काढून माझा उपचार ठरवणार. तसं नव्हतं. इतक्या वेगळ्या शस्त्रक्रियांमध्ये चिठ्ठीला तयार होणारे थोडेच, म्हणून उपचार आपणच निवडायचा आणि पुढे काय झालं ते नोंदवत राहायचं. यात एक उणीव राहते, हेही मला समजावून सांगितलं: शस्त्रक्रिया निवडणारे आणि फुगा निवडणारे मुळातच वेगळे असू शकतात, त्यामुळे तुलना जपून करावी लागते. संमतीपत्र घरी न्यायला दिलं होतं. कधीही बाहेर पडता येईल आणि त्याने उपचारात फरक पडणार नाही, हे वाक्य मी तीनदा वाचून मगच सही केली.

इंजेक्शनं भूल न देता, खुर्चीत बसवूनच दिली. पाच, साधारण महिन्याच्या अंतराने. नाकात बधिर करणारा फवारा मारायचे, मग तेच औषध श्वासनलिकेत सोडायचे. "खोकला येईल, येऊ द्या, त्यानेच औषध पसरतं." दुर्बीण नाकातून, सुई गळ्याच्या त्वचेतून. दुखण्यापेक्षा घशात काहीतरी अडकल्याची भीती मोठी होती. पहिल्या वेळी मी खुर्चीचा हात सोडलाच नाही. दुसऱ्या वेळी पडद्याकडे पाहिलं. लालसर व्रणात औषध शिरताच तो कडेकडेने पांढरा पडत गेला. ते पाहिल्यावर तिसऱ्या वेळेपासून मी पडदा माझ्याकडे वळवायला सांगू लागले. बधिरपणा उतरेपर्यंत पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, नाहीतर तो श्वासनलिकेत जातो.

घरी रोज सकाळी पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकलेल्या हवेचा जोर मोजणारं छोटं यंत्र. तीनदा फुंकायचं, सर्वांत मोठा आकडा लिहायचा. फुग्याआधी माझा १७० होता, नंतर ३६० झाला. आकुंचन परत येऊ लागलं की धाप जाणवायच्या आधी हा आकडा घसरतो, म्हणून एकही सकाळ चुकवायची नाही, हे मी स्वतःशी ठरवून टाकलं.

खरी अडचण प्रश्नावल्यांची झाली. श्वासाचे दहा प्रश्न, आवाजाचे दहा, प्रत्येकाला शून्य ते चार गुण. नोंदी ठेवणाऱ्या ताई इतक्या मायेने वागायच्या की त्यांना बरं वाटावं म्हणून मी शून्य लिहायला लागले होते. सहाव्या महिन्यात "गोंगाटात लोकांना माझं बोलणं समजत नाही" यापुढे शून्य लिहून पुढे गेले, आणि त्याच आठवड्यातला तास आठवला: मागच्या बाकावरच्या मुलीने दोनदा "काय?" विचारलं होतं. ताईंना विचारलं, बदलू का? "बदला. पण गिरवू नका. एक आडवी रेघ मारा, खालचं दिसलं पाहिजे. शेजारी खरा आकडा, तुमची आद्याक्षरं, आजची तारीख."

मी शून्यावर रेघ मारली, शेजारी दोन लिहिलं आणि मागच्या नऊ प्रश्नांकडे परत गेले. आणखी तीन ठिकाणी रेघा मारल्या. कालचा पीक फ्लो ३४० होता.