रेड हूकच्या कोर्टात दोन दिवस

न्यूयॉर्कला बहिणीकडे गेले होते, तेव्हा दोन दिवस मुद्दाम राखून ठेवले ते ब्रुकलिनच्या रेड हूक कम्युनिटी जस्टिस सेंटरसाठी, म्हणजे आरोपीला उपचाराची वाट दाखवणाऱ्या तिथल्या वस्तीतल्या कोर्टासाठी. पुण्यात मी विधी सेवेच्या (मोफत कायदेशीर मदतीच्या) पॅनेलवर फौजदारी कामं घेते. गांजाच्या पुडीसाठी धरलेला पोरगा सुटतो आणि सहा महिन्यांनी पुन्हा कठड्यात उभा दिसतो. माझा जीव तुटतो अशा वेळी.

रेड हूक ही बंदराकाठची कष्टकऱ्यांची वस्ती. १९९२ मध्ये इथल्या शाळेचे मुख्याध्यापक पॅट्रिक डेली एका विद्यार्थ्याला शोधायला बाहेर पडले आणि ड्रगवाल्यांच्या गोळीबारात सापडून मारले गेले. त्या घटनेनं वस्ती हादरली. पुढे २००० मध्ये बंद पडलेल्या एका कॅथलिक शाळेच्या इमारतीत हे कोर्ट सुरू झालं. फौजदारी, कौटुंबिक आणि घरभाड्याची प्रकरणं एकाच न्यायाधीशापुढे चालावीत, ही मूळ कल्पना.

न्यायाधीश बसतात तो डायस आपल्याकडच्यासारखा उंच नाही. पुकारा झाला, तिशीतला एक माणूस हातातली टोपी चुरगाळत पुढे आला. न्यायाधीशांनी आधी विचारलं, नोकरीच्या मुलाखतीचं काय झालं? मग उपचाराच्या दोन बैठका का चुकल्या? आईला दवाखान्यात न्यायचं होतं, तो म्हणाला. समाजसेविका तिथेच फाइल घेऊन उभी होती. तिनं वेळ बदलून दिली आणि त्याच इमारतीतल्या समुपदेशकाकडे त्याला घेऊन गेली. पाच-सात मिनिटांत सगळं आटोपलं.

कलमं आपल्याकडेही आहेत. एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ३९ खाली व्यसनी आरोपीला शिक्षेऐवजी उपचाराला पाठवता येतं. भारतीय न्याय संहितेत आता समाजसेवेची शिक्षाही आली. पण पाठवायचं कुठे, आणि तो गेला की नाही हे कोण बघणार? तिथे हे बघणारं माणूस कोर्टातच बसतं. २०१३ च्या मूल्यमापनात इथल्या प्रौढ आरोपींचं पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याचं प्रमाण नेहमीच्या कोर्टापेक्षा १० टक्क्यांनी कमी आढळलं, अल्पवयीनांचं २० टक्क्यांनी.

जाणाऱ्यांसाठी थोडं. सबवेच्या एफ किंवा जी गाडीनं स्मिथ-नाइन्थ स्ट्रीट्सला उतरा, पुढे बी६१ बस. सुनावणी खुली असते, कामाच्या दिवशी सकाळीच पोचा. दारात तपासणी होते, आत फोटो काढायचे नाहीत. मी पहिल्या दिवशी न कळवता गेले. कोर्टात बसता आलं, पण कर्मचारी भेटले नाहीत. हे कोर्ट सेंटर फॉर जस्टिस इनोव्हेशन ही संस्था न्यूयॉर्क राज्याच्या न्यायालयीन यंत्रणेबरोबर चालवते, त्यांना काही आठवडे आधी ईमेल करा. आणि आदल्या संध्याकाळी मॅनहॅटनमध्ये १०० सेंटर स्ट्रीटचं रात्रीचं कोर्ट जरूर बघा. तिथे आरोपी भराभर उभे केले जातात. तो वेग पाहिलात की रेड हूकमधला फरक चटकन कळेल.

एक गोष्ट मात्र मला खटकली. अशा कोर्टांत उपचाराची वाट मिळण्यासाठी बऱ्याचदा आधी गुन्हा कबूल करावा लागतो, आणि किरकोळ शिक्षेपेक्षा कोर्टाची देखरेख लांबते. पक्षकाराला हे कसं समजावता, हा प्रश्न तिथल्या बचाव पक्षाच्या वकिलांना विचारल्याशिवाय परतू नका. जेवणाच्या सुट्टीत ते कॉरिडॉरमध्ये भेटतात.